हाताने केलेली भेट आधी विचारून करावी की सरप्राइज द्यावी?

लोकरगुंडा

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून शेवटी विचारतेच. मी घरी केक, बिस्किटं, ब्रेड करते, थोडंफार शिवते आणि गेली ६ वर्षं विणतेय, आणि जे काही करते ते घरच्यांना नाहीतर मित्रमैत्रिणींना देऊन टाकते. विकत नाही आणि विकायचंही नाहीये. रात्री सगळं आवरलं की सुया घेऊन बसायचं, किंवा सुट्टीच्या सकाळी ओव्हन तापेपर्यंत बटर आणि साखर फेटत उभं राहायचं, हा माझा आठवड्यातला सगळ्यात शांत वेळ असतो आणि तो सगळा ज्याच्यासाठी करतेय त्याचा विचार करण्यात जातो. स्वेटरला तीन महिने लागले तर तीन महिने तो माणूस रोज थोडा थोडा डोक्यात असतो, मला ते फार आवडतं.

तर झालं असं की गेल्या वर्षी थोरल्या बहिणीसाठी सरप्राइज म्हणून स्वेटर विणला. मापं अंदाजाने, तिची अंगकाठी माझ्यासारखीच आहे असं धरून. दिला तेव्हा तिने घट्ट मिठी मारली, लगेच घालून फोटो काढला, खूप खूश होती. पण नंतर तो तिच्या अंगावर कधी दिसलाच नाही. परवा तिच्याकडे चादर काढायला कपाट उघडलं तर तळाशी, मी दिलेल्या त्याच पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेला. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही, पण तेव्हापासून सुया उचलाव्याशाच वाटत नाहीयेत.

मग आठवायला लागले की असं आधीही झालंय. मैत्रिणीच्या दोन वर्षांच्या मुलीला क्रोशाचं अस्वल करून दिलं होतं, छान काळ्या बटणांचे डोळे लावून, ते त्यांनी वरच्या फळीवर ठेवलंय, मुलीच्या हातात कधी पाहिलं नाही. ऑफिसमधल्या एकीसाठी केक नेला तर तिला अंड्याची ॲलर्जी निघाली, बिचारी सगळ्यांना वाटत बसली आणि मला उगाच थँक्यू म्हणत राहिली.

आता येत्या दोन महिन्यांत चौघांसाठी काहीतरी करायचंय. बाबा, जे रिटायर झाल्यापासून हौसेने स्वयंपाक करतात. एक मैत्रीण, तिला नुकतंच बाळ झालंय. सात वर्षांचा भाचा. आणि एक मित्र, लांब राहतो, त्याला पार्सलच करावं लागेल. तुम्ही लोक कसं करता? आधी विचारता का? विचारलं तर समोरचा "अगं कशाला एवढा त्रास" म्हणून मोकळा होतो, आणि नाही विचारलं तर असं कपाटाच्या तळाशी. आणि बहिणीच्या स्वेटरचं काय करू?


उसवून_पुन्हा

अगं आधी बहिणीशी बोल. आज संध्याकाळीच बोल. पिशवीत ठेवलाय म्हणजे आवडला नाही असं तू ठरवून टाकलंस पण कारण दुसरंही असू शकतं, मी ३० वर्षं विणतेय आणि माझे किमान चार स्वेटर असेच पडून होते, प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. एकाचा गळा टोचायचा, एकाच्या बाह्या लांब, एक फारच गरम होता, आणि एक तर फक्त "धुवायचा कसा" हे माहीत नव्हतं म्हणून पडला होता.

स्वेटर हा सरप्राइजचा प्रकारच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मापाला फार कमी जागा असते. एक साधं गणित सांगते. पॅटर्नमध्ये १० सेंटीमीटरला २२ टाके दिलेत आणि तुझा हात थोडा सैल असल्यामुळे २० टाकेच बसतायत, तर दिसायला फरक काहीच नाही, हातात धरून कळणारही नाही. पण घेराला २०० टाके असतील तर पॅटर्नवाल्याचा घेर होतो जवळपास ९१ सेंटीमीटर आणि तुझा होतो १००. दोन टाक्यांनी ९ सेंटीमीटर गेले. म्हणून आधी नमुन्याचा तुकडा विणायचा, निदान १५ सेंटीमीटरचा चौकोन, आणि तो धुवून वाळवून मगच मोजायचा, कारण लोकर धुतल्यावर पसरते किंवा आटते आणि घालणारा माणूस तो धुतलेलाच घालणार आहे. मोजताना मधले १० सेंटीमीटर मोज, कडेचे टाके नेहमी खोटं सांगतात.

मापं माणसाची घेण्यापेक्षा त्याच्या आवडत्या कपड्याची घे. बहिणीचा जो स्वेटर किंवा जॅकेट ती सारखं घालते ते सपाट जमिनीवर पसर आणि छाती, उंची, बाहीची लांबी, मनगटाचा घेर टेपने मोज. यात तिला किती सैल आवडतं हेही आपोआप येतं, अंगाच्या मापात ते येत नाही. आणि हे न विचारता करता येतं बरं का, सरप्राइज ठेवायचंच असेल तर हा मार्ग.

बाह्या लांब असतील तर दुरुस्ती अवघड नाही. वरून खाली विणलेली बाही असेल तर नुसता शेवट उसव, हवी तेवढी उसवत जा आणि मनगटपट्टी परत विण. खालून वर विणलेली असेल तर ती खालून उसवत नाही, मग जिथे तोडायचं त्या ओळीतला एकच टाका कात्रीने काप, तेवढी एक ओळ हळूहळू सोडव, वरचे मोकळे झालेले टाके बारीक सुईवर घे आणि तिथून खाली विण. दिशा उलटी झाल्यामुळे टाके अर्ध्या टाक्याने सरकतात, साध्या सुलट विणीत हे अजिबात दिसत नाही, डिझाइन मध्ये कापलं तर दिसतं. पहिल्यांदा लोकर कापताना छातीत धडधडतं पण सुटलेले टाके पळत नाहीत, लोकर एकमेकीला धरून असते.

आणि टोचत असेल तर गळ्याच्या आतून मऊ सुती कापडाची उरेब पट्टी हाताने लावून दे. सरळ कापलेली लावू नकोस, ती ताणत नाही आणि गळा डोक्यातून जाणार नाही. कापड ४५ अंशात तिरपं कापलं की ताणतं.

हो आणि यापुढे प्रत्येक विणलेल्या वस्तूसोबत एक चिठ्ठी दे. कुठली लोकर, कसं धुवायचं. साधी लोकर गरम पाण्यात चोळली की तिचा नमदा होतो आणि मग ती परत उलगडत नाही, हे आपल्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. कोमट किंवा गार पाणी, चोळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सपाट वाळवायचं, टांगायचं नाही. एवढं चार ओळीत मावतं.


तांबूस_कडा

मी बेकिंगवाला माणूस आहे, विणकामातलं काही कळत नाही, पण विचारून की सरप्राइज याचं माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. खायची वस्तू सरप्राइज, पण काय चालत नाही ते मात्र आधीच माहीत करून घ्यायचं. मी फोनमध्ये एक यादीच ठेवलीय. कोणाला अंडं नाही, कोणाला नट्स नाही, कोणाला गोड कमी. हे विचारायला काही निमित्त लागत नाही, एकदा कधीतरी गप्पांत विचारून लिहून ठेवायचं, पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं. आणि नट्सची ॲलर्जी असलेल्यासाठी करताना नुसते नट्स वगळून भागत नाही, त्याच भांड्यात, त्याच चाळणीतून आधी बदामाची पूड गेली असेल तर तेही सांगायला हवं. बाळ असलेल्या घरी पाठवणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, तेव्हा मध घातलेलं काही असेल तर डब्यावर ठळक लिहा.

मला यात एक गोष्ट फार आवडते. बेकिंग पावडर आज सगळ्यांच्या घरात असते, ती आल्फ्रेड बर्ड नावाच्या एका इंग्लिश केमिस्टने १८४३ मध्ये केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. त्याच्या आधी १८३७ मध्ये त्याने अंड्याशिवायचं कस्टर्ड केलं होतं, कारण तिला अंडंही चालत नव्हतं. मला दर वेळी डबा उघडताना आठवतं हे. एका माणसासाठी केलेली सोय आहे ती.

लांबच्या मित्रासाठी बिस्किटं करा, किंवा लोफ टिनमधला बटर केक. आयसिंग, क्रीम, मऊ फिलिंग पार्सलमध्ये टिकत नाही. केक पाठवायचा तर कापू नका, अख्खा पाठवा, कापलेल्या बाजूने तो कोरडा पडतो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळायचा नाही, म्हणजे हाताला गार लागला तरी अजून तासभर थांबा, आत वाफ असते ती कागदाच्या आतून पाणी होऊन बसते आणि दोन दिवसांत बुरशी. बिस्किटं दोन दोन पाठीला पाठ लावून बटर पेपरमध्ये, डबा एवढा घट्ट भरायचा की हलवला तर आवाज येता कामा नये. कुरकुरीत आणि मऊ एका डब्यात कधीही नाही, मऊ वस्तूतला ओलावा कुरकुरीत वस्तू ओढून घेते आणि पोचेपर्यंत दोन्हींची वाट लागलेली असते.

अजून एक, कारण भेट म्हणून करताना लोक हमखास इथे फसतात. रोजचा ६ इंची केक जमतो म्हणून चार माणसं जास्त आहेत तर ८ इंची टिन घेतात आणि साहित्य थोडंसंच वाढवतात. टिनची रुंदी वाढते तेव्हा क्षेत्रफळ वाढतं, ६ चा वर्ग ३६ आणि ८ चा ६४, म्हणजे साहित्य जवळजवळ पावणेदोनपट लागतं. नाहीतर केक चपटा होतो आणि तुम्हाला वाटतं पावडर जुनी झाली. तसंच मैदा वजनावर मोजा. कपात चमच्याने भुरभुरत भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास येतो, तोच कप डब्यात बुडवून भरला तर १५० पर्यंत जातो. घरी खायला करताना चालून जातं पण दुसऱ्याला द्यायचाय तर दर वेळी तसाच यायला हवा ना.

ओव्हनमध्ये एक छोटा थर्मामीटर टांगून बघा. माझा ओव्हन १८० दाखवत होता तेव्हा आत १६० च होतं, दोन वर्षं मी रेसिपीला दोष देत होतो.


जुनी_पिशवी

मी काही करत नाही, मला येत नाही, पण मी घेणारी आहे म्हणून लिहावंसं वाटलं. आई आमच्या जुन्या फ्रॉकच्या पिशव्या शिवायची. कधीही विचारलं नाही कोणता रंग हवा, कसली हवी. शाळेत असताना मला त्यांची लाज वाटायची, सगळ्यांकडे विकतच्या असायच्या, आणि मी ती दप्तराच्या आत दडवून न्यायचे. आज आई नाहीये. तिच्या तीन पिशव्या माझ्याकडे आहेत, एकीचा बंद मी दोनदा बदललाय, आणि त्यातल्या निळ्या ठिपक्यांच्या कापडाकडे बघितलं की मला तो फ्रॉक, तो घातलेला दिवस, सगळं आठवतं.

ताई, तुमची बहीण स्वेटर वापरत नसेल पण तिने तो टाकलेला नाही, कोणाला देऊन टाकलेला नाही, तुम्ही दिलेल्या पिशवीसकट ठेवलाय. मला ते वाचून तुमच्यापेक्षा वेगळंच वाटलं एवढंच. विचारून केलेली वस्तू जास्त वापरली जाईल हे खरं असेल, पण सगळंच विचारून करू नका, प्लीज. काही गोष्टी घेणाऱ्याला कळायला वेळ लागतो.


दुहेरी_टीप

वरची पोस्ट वाचून दोन मिनिटं थांबले, मग लिहायला घेतलं.

मी शिवणवाली. तुमच्या चौघांपैकी तिघांचं मी सांगू शकते. माझा नियम असा की ज्याला माप लागत नाही ते सरप्राइज, ज्याला लागतं ते विचारून किंवा चोरून मोजून.

बाबांना ॲप्रन करा. माप लागत नाही, फक्त एक युक्ती करा, गळ्याचा बंद आणि कमरेचा बंद वेगळे शिवू नका. काखेपाशी ज्या दोन तिरक्या कडा असतात त्यांना नेफा करा आणि एकच लांब पट्टी एका नेफ्यातून वर, गळ्यामागून, दुसऱ्या नेफ्यातून खाली अशी ओवा. ओढली की गळा हवा तसा वरखाली होतो आणि उरलेली टोकं मागे बांधायची. कोणालाही बसतो. खिसा मोठा ठेवा आणि त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटा त्रिकोण टीप मारून पक्का करा, खिसा नेहमी तिथूनच फाटतो. कापड जरा जाड सुती, सुई ९०/१४ ची. (९० म्हणजे सुई ०.९ मिलीमीटर जाड. साध्या सुती कापडाला ८०/१२, अगदी तलमला ७०/१०. आणि साधारण ८ तास शिवून झालं की सुई बदला, बोथट सुई कापडाचे धागे ओढते.) एक गोष्ट कितीही कंटाळा आला तरी टाळू नका, कापड कापायच्या आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर बंद आणि अंग वेगवेगळं आटून सगळं वाकडं ओढलं जातं.

बाळाच्या आईला लाळेरी द्या, एक दोन नाही, आठ दहा, कारण दिवसाला तेवढी लागतातच. वर मऊ सुती, मागे टॉवेलचं कापड. गळ्याला बांधायच्या नाड्या नकोत, ओढल्या तर सुटत नाहीत. मानेमागे प्रेस बटण लावा, जरा ओढलं की सुटणारं. बाळासाठी पांघरूण करावंसं वाटेल, सगळ्यांनाच वाटतं, तर एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी मऊ पांघरूण, उशी, खेळणी काहीच ठेवायचं नसतं, गुदमरायची भीती असते. तेव्हा ते जमिनीवर पालथं पाडून खेळवायला म्हणून द्या आणि तसं सांगा. शिवताना टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. मी बाळाचं काही शिवते तेव्हा वाटीत दहा घेते आणि शेवटी दहा भरल्याशिवाय वस्तू घराबाहेर जात नाही.

तुमच्या अस्वलाचं कोडं यातच सुटतं बहुतेक. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला बटण, मणी असं सुटून तोंडात जाईल असं काही लावत नाहीत, तुमच्या मैत्रिणीला ते माहीत असणार आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल. बटणं काढा, काळ्या दोऱ्याने डोळे भरा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग द्या आणि बघा फळीवर राहतं का.

भाच्याला पायजमा. त्याचा जुना, नीट बसणारा पायजमा बाजूची शिवण धरून उभा दुमडा आणि कागदावर गिरवा, चहूकडून दीड सेंटीमीटर शिवणीला सोडा. खाली मात्र दुमड ५-६ सेंटीमीटरची ठेवा, वर्षभराने उंची वाढली की उसवून खाली सोडायची. दोन पायांच्या मधली शिवण दोनदा मारा, मुलं तिथेच फाडतात. या पायजम्याचं कापड त्यालाच निवडू द्या, सात वर्षांच्या मुलाला स्वतः निवडलेल्या कापडाचा कपडा होताना बघणं हे कुठल्याही सरप्राइजपेक्षा मोठं असतं. माझी भाची मशीनशेजारी स्टूल ओढून बसायची आणि टीप संपली की दोरा कापायचं काम तिचं होतं, आता ती मोठी झालीय, स्वतःचे कपडे स्वतः शिवते.


लोकरगुंडा

सगळ्यांना मनापासून थँक्यू, मी इतकं सविस्तर कोणी लिहील असं धरलंच नव्हतं. जुनी_पिशवी, तुमची पोस्ट मी तीन वेळा वाचली.

बहिणीला फोन केलाय, ती रविवारी येतेय, स्वेटर घेऊन ये असं सांगितलंय. ॲप्रनचं कापड धुवून वाळत घातलंय. पण काल जुन्या चादरीवर ट्रायल म्हणून टीप मारून बघितली तर वरून सरळ आणि खालून नुसता दोऱ्याचा गुंता. बॉबिन काढून दोनदा परत भरली, बॉबिनचा स्क्रूही फिरवून बघितला, काही फरक नाही. मशीन दुरुस्तीला टाकावं लागेल का?

आणि एक विचारायचं राहिलंच. घरातले, ऑफिसमधले सगळे सारखे म्हणतात की एवढं छान करतेस तर विक ना. तुम्हाला म्हणतात का? काय सांगता?


दुहेरी_टीप

थांबा, दुरुस्तीला नको. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनवर संशय घेतात पण खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. वरचा दोरा पूर्ण काढा. प्रेसर फूट वर उचला, हे महत्त्वाचं, आणि मग परत ओवा. फूट खाली असताना ताण देणाऱ्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरच्यावर राहतो, मग त्याला ताण नाही आणि तो खाली ओढला जाऊन साठतो. ओवून झाल्यावर फूट खाली करून दोरा ओढून बघा, आता जड लागला पाहिजे. बॉबिनचा स्क्रू जेवढा फिरवलात तेवढा उलटा फिरवून जागेवर आणा. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं हाताने मागे धरून पहिले तीन चार टाके मारा.


सुट्टीतला_ब्रेड

विकण्याबद्दल मी सांगतो कारण मी विकून बघितलंय. मला ब्रेडचं वेड होतं, आहे. कणीक मळून मळून अशी व्हायची की एक तुकडा बोटांनी ताणला की पडदा होतो, न फाटता, उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं. तो क्षण मला इतका आवडायचा की मी कामाचा थकवा विसरायचो. लोक म्हणाले विक, मी ऑर्डरी घ्यायला लागलो. वर्षभर घेतल्या. ब्रेड चांगलेच व्हायचे, तक्रार कोणाचीच नव्हती. पण मला वेळ बघून मळावं लागायचं, थंडीच्या दिवसात पीठ फुगायला दुप्पट वेळ घेतं, पूर्वी मी त्याची वाट बघत काहीतरी वाचत बसायचो, ऑर्डर असली की तेच बघून डोकं तापायचं. एकदा मुलगी म्हणाली बाबा आपल्याला कधी करणार, तेव्हा लक्षात आलं की घरच्या टेबलावर महिनाभर माझा ब्रेड नाहीये. बंद केलं. ज्यांना विकणं जमतं आणि आवडतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, ते वेगळं काम आहे आणि ते अवघड आहे. माझं ते नव्हतं. आता कोणी म्हणालं विक, तर मी म्हणतो तुला हवाय का, रविवारी ये. आणि फ्रिजमध्ये ठेवू नको असं दर वेळी सांगतो, फ्रिजमध्ये ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, टिकवायचा तर कापून फ्रीझरमध्ये.

तुमच्या मूळ प्रश्नावर पण एक. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली या तिघांचा २०१२ चा एक अभ्यास आहे, त्याला इकिया इफेक्ट म्हणतात. लोकांना कागदाचे ओरिगामी प्राणी करायला दिले आणि मग त्यांची किंमत विचारली. ज्यांनी केले त्यांना ते तज्ज्ञाने केलेल्यांच्या जवळपास तोलाचे वाटले, इतरांना ते जवळजवळ बिनकिमतीचे वाटले. मला हे वाचून वाईट नाही वाटलं, उलट सुटल्यासारखं झालं. मी तीन तास मळत, फुगवत, वाट बघत घालवलेत ते मला दिसतात, खाणाऱ्याला समोर फक्त ब्रेड दिसतो, त्याने तो माझ्याइतका मोलाचा मानावा ही अपेक्षा मी सोडली. म्हणून मी आता शक्यतो त्यांनाही करायला बोलावतो. मुलगी स्वतः वळलेला वाकडा लोफ कडेपर्यंत खाते.


लोकरगुंडा

अपडेट देते. मशीन एकदम ठीक झालं, फूट वर करून ओवला आणि पहिल्याच टिपेला दोन्ही बाजू सारख्या. ॲप्रन अर्धा झालाय, बाबांना काहीच माहीत नाही. अस्वलाबद्दल मैत्रिणीला विचारलं, बटणांचंच कारण होतं, तिने स्वतःच परत पाठवलं डोळे बदलायला.

बहीण आली रविवारी. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली की मला माहितेय तू कपाट बघितलंस. म्हणाली बाह्या बोटांपर्यंत येतात, तिचं काम सगळं हाताचं, दिवसभर पाण्यात नाहीतर रंगात, दोनदा दुमडून घातला तर दुमड सारखी उलगडायची. आणि एकदा त्याच्यावर थेंब सांडला तर ती घाबरली, धुवायचा कसा माहीत नाही, मशीनमध्ये टाकला आणि खराब झाला तर तुझे तीन महिने गेले, म्हणून परत तुझ्याच पिशवीत ठेवला. तो डाग मला दाखवला, शेंगदाण्याएवढा, हलक्या साबणाच्या पाण्याने तिथल्या तिथे गेला. उसवून_पुन्हा, तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलं होतं ना बोल म्हणून.

माझी बाही खालून वर विणलेली आहे. मनगटापासून ८ सेंटीमीटर वर टाका कापला, हात थरथरत होता, बहिणीनेच कापड ताणून धरलं. टाके खरंच पळाले नाहीत. ती समोर बसून उसवलेल्या लोकरीचा गुंडा करत होती आणि आम्ही दोन तास बोलत बसलो, असं निवांत किती दिवसांनी झालं कोणास ठाऊक. एक बाही सुईवर घेऊन झालीय, ४८ टाके आहेत, तिथून खाली मनगटपट्टी २ सुलट २ उलट करायची म्हणतेय. पण तुम्ही म्हणालात तसं अर्ध्या टाक्याने सरकणं इथे दिसेल का? आणि उसवलेली लोकर कुरळी झालीय, तशीच वापरू का?


उसवून_पुन्हा

दिसणार नाही, कारण वरचा भाग साधा सुलट आहे आणि पट्टी तू आता नव्याने सुरू करतेयस, दोन्हीकडे पट्टी असती तर दिसलं असतं. ४८ ला ४ ने बरोबर भाग जातो, तेव्हा २-२ सरळ बसेल. पट्टीला सुई अर्ध्या ते एक मिलीमीटरने बारीक घे म्हणजे मनगटाला धरून राहील, आणि टाके बंद करताना मात्र सैल हाताने कर नाहीतर हात आत जाणार नाही. तिला काम करताना बाही वर सरकवायची असेल तर बंद करायच्या आधी एकदा सुईवर असतानाच घालून बघायला लाव.

कुरळी लोकर तशीच वापरू नकोस, टाके लहानमोठे येतात. गुंडा सोडून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेव, पिळू नको, टॉवेलात दाबून टांग. उद्या संध्याकाळपर्यंत सरळ होईल. दुसरी बाही कापायला बहिणीलाच बोलव परत.